मज्जारज्जूला मार बसल्यावर नसा परत वाढतात का? घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न रिहॅबच्या ओपीडीत आम्हाला सतत ऐकू येतात. शब्द इकडचे तिकडे होतात, पण मूळ प्रश्न एकच असतो: तुटलेली नस परत जुळेल का? काही उत्तरं लांबली आहेत, कारण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळं होण्यासारखा हा विषय नाही. तुमच्या पेशंटच्या उपचारांचे निर्णय मात्र त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

ऑपरेशन यशस्वी झालं, मणका जुळला असं सांगितलं. मग पाय का हलत नाहीत?

कारण ऑपरेशन हाडाचं झालं आहे. मणके म्हणजे हाडं. त्यांच्या आतल्या पोकळीतून मेंदूपासून खाली उतरतो तो मज्जारज्जू. मोठ्या माणसात तो साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. मेंदूचे हुकूम हातापायांकडे जातात ते त्याच्यातून, आणि अंगाच्या जाणिवा मेंदूकडे येतात त्याही त्याच्यातूनच. सर्जन तुटलेलं हाड सरळ करतात, रॉड-स्क्रू लावून पक्कं करतात आणि मज्जारज्जूवरचा दाब काढतात. आत नसांचे जे बारीक धागे, म्हणजे तंतू, तुटले ते शिवता येत नाहीत. म्हणून एक्स-रे सुरेख दिसतो आणि पाय तसेच राहतात. यात सर्जनची चूक शोधत बसू नका.

माझ्या भावाची मनगटाची नस कापली होती, ती वर्षभरात जुळली. पाठीतली का जुळत नाही?

प्रश्न अगदी नेमका आहे. त्याच्या उत्तरामागे शास्त्रज्ञ शंभर वर्षं लागलेले आहेत.

हातापायांतल्या नसेचा तंतू तुटला की तुटलेल्या जागेपुढचा भाग मरतो. सफाई करणाऱ्या पेशी तो कचरा लवकर उचलतात. श्वान पेशी नावाच्या सोबतीच्या पेशी मागे राहिलेली वाट सांभाळतात आणि वाढीला लागणारी रसायनं सोडत राहतात. त्या वाटेने नवा तंतू रोज साधारण १ मिलिमीटर पुढे सरकतो. टाके नीट घातले असतील तर बोटांत संवेदना परत यायला काही महिने लागतात, पण ती येते.

मज्जारज्जूतही तुटलेला तंतू आधी कोंब काढतो, हे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं (१९०६ च्या नोबेलचे एक मानकरी). पण तो कोंब थोडा पुढे जातो, त्याचं टोक फुगून गोळा होतं आणि वाढ तिथेच संपते. काहाल यांचे शिष्य फ्रान्सिस्को तेयो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा बसवला, तेव्हा मेंदूतले तंतू त्या तुकड्यात शिरले. तरीही पुढची कित्येक दशकं ‘मज्जारज्जूत पुनर्वाढ नाही’ हेच पाठ्यपुस्तकांत राहिलं.

१९८१ मध्ये माँट्रियलच्या सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या पायाची नस काढून तिचा पूल केला. एक टोक मेंदूच्या देठात, दुसरं छातीजवळच्या मज्जारज्जूत. मज्जारज्जूतले तंतू त्या पुलात सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. पलीकडे पोचून परत मज्जारज्जूत शिरायची वेळ आली, तेव्हा मात्र एक-दोन मिलिमीटरांतच अडले. म्हणजे तंतूंत वाढायची धमक होती, आजूबाजूची जागा त्यांना वाढू देत नव्हती. आज या क्षेत्रात जे काही चाललं आहे, त्यातलं बरंचसं या एका निरीक्षणातून निघालं आहे.

मग ती जागा तंतूंना अडवते तरी कशी?

तीन अडचणी आहेत, आणि तिन्ही एकाच वेळी असतात.

पहिली म्हणजे मायलिन, तंतूंवरचं चरबीचं वेष्टण. झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की मज्जारज्जूतल्या मायलिनमध्येच वाढ थांबवणारी प्रथिनं असतात. त्यातल्या नोगो-ए या प्रथिनाचा जीन २००० मध्ये एकाच वेळी तीन गटांनी शोधून काढला. निरोगी शरीरात हे प्रथिन बहुधा नको तिथे नवे जोड होऊ नयेत म्हणून पहारा देतं. इजा झाल्यावर तोच पहारा नडतो.

दुसरी अडचण जखमेच्या जागी तयार होणारा व्रण आणि पोकळी. व्रणात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट नावाचे साखरसाखळ्या लागलेले रेणू साचतात आणि त्यांना तंतूंची टोकं चिकटून बसतात. वर्षानुवर्षं सगळे म्हणत होते, व्रण काढा म्हणजे वाट मोकळी होईल. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मायकेल सोफ्रोन्यू यांच्या गटाने उंदरांत तो व्रण तयारच होऊ दिला नाही. तंतू वाढले तर नाहीतच, उलट वाढीला चालना दिल्यावरही ते कमी वाढले. व्रण काही प्रमाणात जखमेला आवरूनही धरतो. त्यामुळे ‘आम्ही गाठ काढून नस मोकळी करतो’ असं कोणी म्हणालं, तर त्यांना आधी विचारा की ते हाडाच्या दाबाबद्दल बोलतायत की आतल्या व्रणाबद्दल.

तिसरी अडचण पेशीच्या आत असते. लहानपणी वाढीचा जो कार्यक्रम चालू असतो तो मोठेपणी बंद होतो. बोस्टनच्या झिगांग ही यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये उंदरांच्या डोळ्याच्या नसेत आणि २०१० मध्ये मज्जारज्जूत पीटेन नावाचा जीन काढून तो कार्यक्रम पुन्हा चालू करून दाखवला. तंतू वाढलेही. पण पीटेन हा शरीरात कॅन्सरला आवर घालणारा जीन आहे. तो माणसात नुसता बंद करून टाकायला कोणी धजणार नाही.

आणि समजा तंतू वाढलेच, तरी काम संपत नाही. मानेपासून कमरेपर्यंतच्या ३० सेंटिमीटरला रोज १ मिलिमीटरच्या हिशोबाने दहा महिने लागतील, तेही हातापायांच्या नसेचा वेग मज्जारज्जूत मिळाला तर. एवढं अंतर कापून त्या तंतूने नेमक्या पेशीला गाठायला हवं. चाळीतल्या मीटरबोर्डवर सगळ्या वायरी एकदम नव्याने जोडल्या आणि कुठली कुणाच्या खोलीची ते कुणी पाहिलं नाही, तर वीज येईल पण पंखा लावल्यावर शेजारचा दिवा लागेल. मज्जारज्जूत चुकीचा जोड म्हणजे दुखणं किंवा आखडणं. नसा नुसत्या वाढणं आणि पाय कामाला येणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत त्या एकच असल्यासारख्या छापल्या जातात.

आमच्या पेशंटचा मार कमरेच्या अगदी खालच्या मणक्याला आहे. तिथेही हेच?

नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली नसांचा झुपका असतो आणि त्या नसा हातापायांच्या नसांच्या जातीच्या असतात. तिथली इजा सुधारण्याची शक्यता तुलनेने बरी असते. एमआरआयचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना एवढंच विचारा: मार मज्जारज्जूला आहे की खालच्या नसांना?

नसा वाढत नाहीत, तर काही पेशंट चालायला कसे लागतात?

कारण त्यांच्या सगळ्या नसा तुटलेल्याच नव्हत्या. मार बसल्यावर काही तंतू तुटतात, काही नुसते गप्प होतात: सूज, दाब, कमी रक्तपुरवठा, वेष्टण निघून जाणं. सूज उतरली की गप्प झालेले तंतू कामाला लागतात. वाचलेले तंतू बाजूने छोट्या फांद्या काढतात आणि मधल्या पेशींमार्फत आडवाटेने निरोप पोचवतात. जखम ओलांडून लांबवर तंतू वाढण्याची इथे गरज पडत नाही. आज माणसांत दिसणारी जवळजवळ सगळी सुधारणा या मार्गाने येते. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून ‘काय तुटलं’ यापेक्षा ‘काय शिल्लक आहे’ ते मोजतो.

मोजतात कसं ते एकदा जवळून बघा. डॉक्टर किंवा फिजिओ कापसाचा बोळा आणि सेफ्टी पिन घेऊन बसतात. मानेच्या मागून सुरुवात करून गुदद्वारापर्यंत, प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी, आधी कापूस आणि मग टोचणी. पेशंटचे डोळे मिटलेले. ‘टोचतंय की नुसता स्पर्श कळतोय?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा. मग प्रत्येक बाजूच्या १० ठरावीक स्नायूंना ० ते ५ गुण. शेवटी हातमोजा घालून गुदद्वारात बोट घालून विचारतात: दाब कळतोय? आवळता येतंय? पेशंट संकोचतो, घरच्यांना वाटतं हे कशाला. पण सगळ्यात किमती माहिती याच शेवटच्या तपासणीतून मिळते. मज्जारज्जूच्या अगदी तळाशी थोडी जरी जाणीव शिल्लक असेल तर इजा ‘अपूर्ण’ धरतात, आणि अपूर्ण इजेत सुधारणेची शक्यता बरीच जास्त असते. या तपासणीवरून ए ते ई असा दर्जा देतात. ए म्हणजे पूर्ण इजा, ई म्हणजे तपासणीत सगळं ठीक. डिस्चार्ज कार्डावर हा दर्जा लिहिलेला नसेल तर मागून घ्या.

रात्री पांघरूण काढलं की पाय आपोआप उडतो. नस जिवंत झाली ना?

हा प्रश्न आई-वडील फार आशेने विचारतात, आणि याचं उत्तर देणं आम्हालाही जड जातं. तो झटका आहे. मेंदूचा ताबा सुटल्यावर खालचा मज्जारज्जू स्वतःच्या जोरावर प्रतिक्षिप्त हालचाली करतो. गार हवा, पांघरुणाचा स्पर्श, भरलेलं मूत्राशय, काहीही निमित्त पुरतं. पेशंटला ‘उजवा अंगठा वर घे’ म्हणा. सांगितल्यावर अंगठा हलला, थांब म्हटल्यावर थांबला, आणि हे पुन्हा पुन्हा जमलं, तर लगेच फिजिओला दाखवा. ती खरी बातमी.

झटके एकाएकी वाढले तर मात्र लघवीचा जंतुसंसर्ग, बेडसोर किंवा बोटात रुतलेलं नख आहे का ते आधी बघा.

किती दिवस वाट पाहायची?

सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसतो. त्यानंतर वेग मंदावतो. वर्ष-दीड वर्षानंतरही काहींना थोडं थोडं येत राहतं, विशेषतः इजा अपूर्ण असेल तर. नेमकी तारीख सांगणारा माणूस अंदाजाने बोलतोय असं समजा.

अपघाताच्या वेळी काय केलं असतं तर नसा वाचल्या असत्या?

हा प्रश्न मागे वळून स्वतःला दोष देण्यासाठी विचारू नका, पण दुसऱ्या कुणासाठी माहीत असू द्या. आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातांइतकंच उंचावरून पडणं हे मोठं कारण आहे: झाड, गच्ची, विहीर, बांधकामाची परांची, दहीहंडीचा थर. पडलेल्या माणसाला दोघांनी हात-पाय धरून उचललं आणि रिक्षात बसवलं, की हललेला मणका आत जास्त रुतू शकतो. मान आणि धड एका रेषेत धरून, सपाट फळीवर, शक्य तेवढ्या जणांनी मिळून एकदम उचलायचं. १०८ ला फोन करायचा. पाणी पाजायचं नाही.

इजा झाल्यापासून २४ तासांच्या आत दाब काढणारं ऑपरेशन झालं तर फायदा जास्त, असं २०१२ मध्ये मायकेल फेहलिंग्ज आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, आणि आज जिथे शक्य असेल तिथे तोच प्रयत्न असतो. रक्तदाब घसरू न देणंही तितकंच महत्त्वाचं. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे मोठे डोस १९९० च्या एका अमेरिकी चाचणीनंतर जगभर दिले जायचे. पुढे फायदा शंकास्पद आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त असं लक्षात आलं, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जन संघटनांनी ते देऊ नये असं सुचवलं. याबाबत डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. ‘आमच्या पेशंटला ते इंजेक्शन दिलंच नाही’ म्हणून हळहळ करायचं कारण नाही.

स्टेम सेल करून घ्यावं का? शेजारच्या तालुक्यातल्या एकाने केलंय.

सरळ उत्तर: पैसे भरून करू नका.

आता कारणं. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. बहुतेक ठिकाणी कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि पाठीत सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. या पेशी मज्जारज्जूतल्या चेतापेशी बनून तुटलेली वाट जोडतात, असं सिद्ध झालेलं नाही. झालाच तर त्यांच्या स्रावांमुळे थोडा फायदा होत असावा असा तर्क आहे. त्याच पॅकेजमध्ये महिनाभर रोज चार-पाच तास फिजिओ असतो. सुधारणा दिसली तर ती कशाची, ते कळायला मार्ग नाही. शेजारच्या तालुक्यातल्या माणसाची इजा पूर्ण होती की अपूर्ण, आणि त्याने ते अपघातानंतर किती महिन्यांनी केलं, हेही विचारून बघा. पहिल्या सहा महिन्यांत केलेल्या कुठल्याही गोष्टीला यश मिळाल्यासारखं दिसतं.

नियमही स्पष्ट आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं मान्यताप्राप्त प्रत्यारोपण सोडलं, तर माणसावर स्टेम सेलचा वापर मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. उपचार म्हणून त्याची जाहिरात करता येत नाही.

धोका फक्त पैशांचा नाही. पोर्तुगालमध्ये नाकातल्या अस्तराच्या पेशी पाठीत बसवून घेतलेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत आठ वर्षांनी वाढलेली गाठ अमेरिकेतल्या सर्जननी काढली. त्या गाठीत नाकासारखा शेंबडी द्राव तयार होत होता. हे २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे. शेत गहाण टाकून येणाऱ्या घरांना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

पण जपानमध्ये तर पेशंट उभा राहिला, अशी बातमी होती.

होती, आणि ती खरी आहे. टोकियोच्या केओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांच्या गटाने आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींना मागे नेऊन बनवलेल्या स्टेम सेलपासून) चेतापेशींच्या पूर्वज पेशी तयार केल्या. सुमारे २० लाख पेशी, इजा झाल्यापासून दोन ते चार आठवड्यांत, पूर्ण इजेच्या पेशंटला. पहिलं प्रत्यारोपण डिसेंबर २०२१ मध्ये झालं. मार्च २०२५ मध्ये त्यांनी चार जणांचे निकाल जाहीर केले: दोघांत सुधारणा, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहू लागला, आणि गंभीर दुष्परिणाम नाही. ही चाचणी सुरक्षितता तपासायची होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पूर्ण इजेच्या पेशंटपैकी काही जण पहिल्या वर्षात आपोआपही एखादा दर्जा वर सरकतात. म्हणून चारांतल्या दोघांवरून निष्कर्ष काढायला त्या शास्त्रज्ञांचीही तयारी नाही. आशा वाटावी इतकं नक्की आहे.

जपाननेच डिसेंबर २०१८ मध्ये स्टेमिरॅक नावाच्या दुसऱ्या एका उपचाराला, अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देण्याच्या, फक्त १३ पेशंटांच्या माहितीवर सशर्त परवानगी दिली. तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी घाई झाली म्हणून टीका केली होती. परवानगी मिळाली म्हणजे उपचार सिद्ध झाला, असं नसतं.

अमेरिकेत जेरॉन कंपनीने भ्रूण स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशींची चाचणी ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू केली आणि वर्षभराने पैशांच्या कारणाने थांबवली. पेशींना दोष नव्हता. हे क्षेत्र असंही अडतं.

नस वाढवणारं इंजेक्शन निघालंय का?

प्रयत्न खूप आहेत, बाजारात एकही नाही.

सगळ्यात लांबचा प्रवास श्वाब यांच्या नोगो-ए प्रथिनाला अडवणाऱ्या अँटिबॉडीचा. १९९० मध्ये उंदरांत यश, त्यानंतर माकडांत, आणि मग युरोपातल्या चार देशांत मानेची ताजी इजा असलेल्या माणसांवर चाचणी. निकाल २०२४ च्या अखेरीस आले. मुख्य मापात, म्हणजे हातांच्या ताकदीत, औषध आणि खोटं औषध यांत फरक दिसला नाही. अपूर्ण इजा असलेल्यांत थोडा फायदा दिसला आणि त्यांच्यासाठी पुढची चाचणी आखली गेली. चौतीस वर्षांनंतरचं हे उत्तर. मला ते अपयश वाटत नाही. कुठल्या पेशंटमध्ये हे औषध तपासायचं, ते तरी आता कळलं.

व्रणातल्या साखरसाखळ्या कापणारं कॉन्ड्रॉइटिनेज हे जिवाणूंपासून मिळणारं एन्झाइम २००२ मध्ये लंडनच्या एलिझाबेथ ब्रॅडबरी यांच्या गटाने उंदरांत वापरलं आणि त्यांची चाल सुधारली. पाठ मोडलेल्या पाळीव कुत्र्यांतही पुढे थोडा फायदा दिसला. शरीराच्या उष्णतेत हे एन्झाइम फार टिकत नाही, ही त्याची अडचण आहे.

२०२१ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या सॅम्युएल स्टप यांच्या ‘नाचणाऱ्या रेणूं’ची बातमी व्हॉट्सॲपवर खूप फिरली. इजेनंतर दुसऱ्या दिवशी एक इंजेक्शन, चार आठवड्यांत उंदीर चालले. उंदीर आणि माणूस यांत इथे मोठा फरक आहे: उंदराच्या मागच्या पायांचं चालणं बरंचसं मज्जारज्जूतल्याच यंत्रणेवर चालतं, माणसाला मेंदूचे हुकूम जास्त लागतात. आणि पाच वर्षांपूर्वी झालेल्या इजेला दुसऱ्या दिवसाचं इंजेक्शन देता येत नाही.

करंट देऊन पेशंट चालवतात तो व्हिडिओ खरा आहे का?

खरा आहे, पण ती नसांची वाढ नाही. पाठीच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून ठरावीक क्षणी विजेचे हलके झटके दिले की खालची चालण्याची यंत्रणा जागी होते आणि वरून झिरपणारे थोडेसे हुकूमही पुरे पडतात. अमेरिकेत लुईव्हिलला सुझन हार्केमा यांच्या गटाने २०११ मध्ये एका पेशंटला असं उभं केलं. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ग्रेग्वार कुर्तीन यांच्या गटाने तिघांना चालवलं. काही महिन्यांच्या सरावानंतर त्यांच्यातल्या काही हालचाली करंट बंद असतानाही टिकल्या. म्हणजे वाचलेल्या तंतूंनी नवे जोड केले असावेत.

ऑपरेशनशिवाय मानेच्या कातडीवरून करंट देणारं एक यंत्र हातांसाठी आहे. जुनी, मानेची इजा असलेल्या ६० जणांच्या चाचणीत ७२ टक्के लोकांच्या हाताच्या ताकदीत आणि कामात सुधारणा झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) त्याला परवानगी दिली. वर्षं लोटलेल्या पेशंटांसाठी म्हणून ही महत्त्वाची गोष्ट आहे. गल्लीतल्या क्लिनिकमधलं मसाज-करंटचं मशीन म्हणजे हे नव्हे.

नसा वाढवून आज खरंच फायदा होतो असं काहीच नाही का?

आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. नस-बदल शस्त्रक्रिया. मानेच्या खालच्या भागात इजा झाली की कोपर वाकवता येतं, पण मूठ वळत नाही. कोपर वाकवायला एकाहून जास्त स्नायू असतात. त्यातल्या एका स्नायूची चालू नस कापून ती मूठ वळवणाऱ्या नसेला जोडायची. मज्जारज्जूतली जखम तशीच राहते, तिला वळसा घालून मेंदूचा हुकूम बोटांपर्यंत जातो. इथे वाढायचं काम हाताच्या नसेला करायचं आहे, आणि ती रोज १ मिलिमीटर वाढते हे आपण वर पाहिलंच. ऑस्ट्रेलियात नताशा व्हॅन झिल आणि सहकाऱ्यांनी १६ जणांत असे ५९ नस-बदल केले. २०१९ मध्ये त्यांचे दोन वर्षांनंतरचे निकाल आले. कोपर सरळ करणं, वस्तू पकडणं, चिमटीत धरणं जमू लागलं. काही जोड फसलेही. हाताला ताकद यायला महिने लागतात आणि नंतर नव्याने शिकावं लागतं: सुरुवातीला मूठ वळवायची तर कोपर वाकवायचा विचार करावा लागतो.

स्वतःच्या हाताने जेवणं, कॅथेटर (लघवीची नळी) घालणं, व्हीलचेअर ढकलणं यांत जो फरक पडतो तो मानेच्या पेशंटला विचारा. काही स्नायूंच्या बाबतीत इजेनंतर वर्ष उलटलं की संधी जाते. म्हणून मानेची इजा असेल तर हाताच्या किंवा नसांच्या सर्जनचं मत पहिल्या सहा महिन्यांत घ्या.

झेब्रा मासा पाठ जोडतो म्हणे. पुण्यात त्यावर संशोधन झालंय ना?

झेब्रा माशाचा मज्जारज्जू पूर्ण कापला तरी सहा ते आठ आठवड्यांत तो पुन्हा पोहतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने दाखवलं की या माशात साहाय्यक पेशी जखमेवर पूल बांधतात आणि त्या कामी एक विशिष्ट प्रथिन लागतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याच प्रथिनावर काम केलं, पण मणक्यांमधल्या गादीसाठी: झेब्रा माशाच्या झिजलेल्या गाद्या त्याने पुन्हा सुधारतात असं दिसलं. काम चांगलं आहे. गादी सरकलेल्यांच्या आणि मज्जारज्जू तुटलेल्यांच्या ग्रुपवर ती एकच बातमी फिरली, तेवढा घोळ झाला.

नसांच्या गोळ्या, मालिश, जडीबुटीचं तेल?

मेकोबालामिन म्हणजे बी-१२. त्याची कमतरता असेल तर घ्या, मज्जारज्जू त्याने जुळत नाही. हलकी मालिश चालेल. शेक, गरम पोटली, तापवलेली वाळू, गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. कातडीला जाणीव नाही, भाजलेलं कळणार नाही, आणि ती जखम भरायला महिने जातात.

उपचार निघेपर्यंत आम्ही काय करायचं?

शरीर त्या उपचाराच्या लायक ठेवायचं. सांधे आखडलेला, बेडसोर झालेला, किडनी गेलेला पेशंट कुठल्याही ट्रायलमध्ये घेतला जात नाही, आणि उद्या औषध निघालं तरी त्याच्या उपयोगाचं नाही.

अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायची. व्हीलचेअरवर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. रोज आरशाने माकडहाड आणि टाचा बघायच्या. लाली दाबल्यावर जात नसेल तर त्या जागेवर भार बंद. लघवी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ कॅथेटर घालून काढायची, डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर. घोटे काटकोनात ठेवायचे.

छातीच्या सहाव्या मणक्यापासून वर इजा असलेल्या घरांनी एक गोष्ट पाठ करावी. एकाएकी डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, कपाळावर घाम येणं म्हणजे रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. आडवं झोपवू नका, उठून बसवा. कपडे-पट्टे सैल करा. कॅथेटरची नळी पिळली आहे का बघा. उतरलं नाही तर तडक दवाखाना गाठा. साध्या दवाखान्यात हे सगळ्यांना माहीत नसतं, तुम्हालाच सांगावं लागेल.

शिकायला मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, सैनिकांसाठी पुण्यात खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. लांब जायची तयारी असेल तर वेल्लोरचं सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज): तिथलं पुनर्वसनाचं काम स्वतः अपघातात कमरेखाली लुळ्या पडून व्हीलचेअरवर आलेल्या डॉ. मेरी वर्गीस यांनी उभं केलं.

ट्रायलमध्ये नाव घालायचं असेल तर?

भारतातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीत असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि वेबसाइटवर स्वतः तपासा. हे विचारा: कुठल्या दर्जाची इजा चालते, इजेनंतर किती दिवसांच्या आत, आणि यात भाग घेतला तर पुढच्या ट्रायलला अपात्र ठरणार का? पेशी बसवून घेतलेल्यांना नंतरच्या बऱ्याच चाचण्या दारातूनच परत पाठवतात, हे लोकांना पैसे भरल्यावर कळतं. तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे भाग घेणाऱ्याकडून मागितले, तर तिथेच उठा. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं, तेव्हा मराठीत मागा, घरी आणून दोनदा वाचा, आणि सही पेशंटने करायची असते. हात चालत नसेल तर त्याचा अंगठा, साक्षीदारासमोर. ट्रायलला जायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.